मावशींना दिलेला फोन

तो फोन धोक्याचा आहे हे देताना मला माहीत होतं. हे आधी लिहून टाकते, नाहीतर पुढे सांगताना मी स्वतःला सांभाळून घेईन.

आम्ही वारज्यात राहायला आलो तेव्हापासून आमच्याकडे पोळ्यांना एक मावशी यायच्या. वयाने माझ्याहून लहानच, पण पोळ्या करणाऱ्या बाईंना मावशीच म्हणायचं अशी आमच्या सोसायटीतली पद्धत. बोलणं सडेतोड आणि हात झरझर चालणारा. त्यांची मुलगी बारावीला होती. एकदा कणीक मळता मळता त्या म्हणाल्या, "ताई, एखादा जुना फोन पडून असंल तर बघा की. क्लासचं समदं त्या ग्रुपवर येतं. पोरीला सारखं शेजारी फोन मागायला जावं लागतंय."

जुना फोन होता. चार महिन्यांपूर्वी तो तापायला लागला, पाठीमागचं झाकण एका बाजूने उचललं गेलं, म्हणून मी तो दुरुस्तीच्या दुकानात नेला होता. दुकानदाराने तो काउंटरवर पालथा ठेवून बोटाने ढकलला, तर तो भिंगरीसारखा गरकन फिरला.

"बॅटरी फुगलीय," तो म्हणाला. "चार्जिंगला लावू नका, दाबू नका, कुणाला देऊ नका. नवी मागवतो, आठवड्याने या. तोवर घरातच ठेवणार असाल तर शेजाऱ्यांना कल्पना देऊन ठेवा."

मी हसले. आठवड्याने काही गेले नाही, कारण त्याच शनिवारी नवीन फोन घेतला. जुना कपाटाच्या खणात पडून राहिला.

मावशींनी विचारलं तेव्हा मला हे सगळं आठवलं. पण नाही म्हणवेना, आणि पुन्हा त्या दुकानात जाण्याचा कंटाळा आला. चार महिने बंद आहे, आता निवला असेल, अशी मी माझीच समजूत घातली. ऑफिसातून येताना कोपऱ्यावरून एक कडक कव्हर आणलं. ते बसवताना झाकण अंगठ्याने दाबावं लागलं. कट्ट असा आवाज झाला आणि फट दिसेनाशी झाली. कव्हर मी त्यासाठीच आणलं होतं.

मावशींनी फोन कपाळाला लावला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात डबा खाताना मी ही गोष्ट मैत्रिणींना सांगितलीसुद्धा. सगळ्या म्हणाल्या, किती छान केलंस!

पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी मावशींऐवजी त्यांची मुलगी दारात उभी राहिली.

"आईचा हात भाजलाय. बरा होईपर्यंत पोळ्या मी करेन," ती म्हणाली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली.

"अगं, कशाने भाजला?"

ती परातीत पीठ काढत राहिली. मग हळूच म्हणाली, "आई म्हणाली होती ताईंना सांगू नको, त्यांनी एवढ्या प्रेमानं दिला होता. फोन पेटला. मी दुपारी चार्जिंगला लावून गादीवर ठेवला होता. आधी फुस्स असा आवाज आला, मग धूर, घाण वास. गादीने पेट घेतला. आईने तो हातानेच उचलला आणि दाराबाहेर फेकला."

"कुठला हात?"

"उजवा. तळवा पूर्ण सोललाय."

त्या वेळी मी खरं सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं ते असं: "चार्जर कुठला लावला होतास?"

"शेजारच्या काकूंचा."

"मग बरोबर. असले स्वस्तातले चार्जर लावू नयेत गं."

तिने मान खाली घातली. "हो. माझंच चुकलं," ती म्हणाली आणि पोळी लाटायला लागली.

त्यानंतर ती रोज येत होती. परीक्षा तोंडावर आलेली. कॉलेजच्या आधी आमच्याकडे आणि आणखी दोन घरी पोळ्या करून जायची. पोळ्या जाडसर व्हायच्या, कडा कच्च्या राहायच्या. मी काही न बोलता खात होते. एकदा नवरा सहज म्हणाला, "मावशी कधी येणार?" तर मी त्याच्यावर उगाच खेकसले. त्यालाही मी काही सांगितलं नव्हतं.

पाचव्या-सहाव्या दिवशी मी तिला म्हटलं, "माझा लॅपटॉप घे, क्लासचं बघ त्यावर." ती दचकून मागे सरकली. "नको ताई. माझ्या हातून परत काहीतरी व्हायचं."

त्या संध्याकाळी मी ऑफिसातून थेट त्यांच्या घरी गेले. कॅनॉलच्या बाजूला पत्र्याची दीड खोली. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या, उजव्या हाताला बँडेज. मला बघून उठायला लागल्या. "ताई, तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब? बसा. पोरी, च्या ठेव."

"चहा नको. मला काही सांगायचंय, दोघींनाही." मी उभ्यानेच सगळं सांगितलं. दुकानदार काय म्हणाला ते सांगितलं, कव्हरचंही सांगितलं. शेवटी म्हणाले, "चार्जरची काही चूक नव्हती. हिची नव्हती. माझी होती."

मावशींनी बँडेजकडे पाहिलं.

"म्हंजी तुम्हाला म्हाईत हुतं?"

"हो."

"ताई, मी पोरीला मारलं हो त्या दिवशी." त्यांचा आवाज चढला नाही. "हात भाजलेला, तरी डाव्या हातानं मारलं. म्हटलं, चांगली वस्तू मिळाली आन् तू जाळलीस."

मुलगी ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिने वळून पाहिलं नाही. तिचे खांदे हलत होते. मावशी उठल्या आणि तिच्या पाठीवर डावा हात ठेवून उभ्या राहिल्या. दोघींनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी तशीच उंबरा ओलांडून बाहेर आले, चपला घालायचंसुद्धा भान नव्हतं.

दोन दिवसांनी मी नवीन फोन घेऊन गेले. नाकारतील असं वाटलं होतं. मावशींनी खोका उघडायला लावला, फोन चारी बाजूंनी पाहिला आणि मुलीच्या हातात दिला.

"पोरीला लागतोय म्हणून घेते," त्या म्हणाल्या. "उपकार म्हणून न्हाई."

"नाहीच," मी म्हटलं.

हात बरा झाल्यावर मावशी एकदा आल्या, त्यांच्याकडे असलेली आमच्या घराची किल्ली परत द्यायला. दारातच थांबल्या. मी आत या म्हटलं, तर म्हणाल्या, "न्हाई, खाली काम हाय." तळवा गुलाबी झाला होता आणि बोटं पूर्ण उघडत नव्हती.

त्या अजून आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर पोळ्या करतात. लिफ्टमध्ये भेट होते. "बऱ्या आहात ना?" असं त्याच आधी विचारतात, आणि मी हो म्हणते. मुलगी नर्सिंगला गेली, हे मला त्यांनी नाही, दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं. त्या कौतुकाने म्हणाल्या, "तुम्हीच ना तिला फोन दिला होता?"