आबांनी टेपवर सांगितलेलं खोटं

पिंपळनेरच्या स्टँडवर मला पोचवायला एकच माणूस आला होता, आणि मी ज्याला बुडवलं होतं तोही तोच. आमच्या गावचे आबा. पत्र्याची पेटी, वळकटी आणि बायको येसू, एवढं घेऊन मी धुळ्याच्या गाडीत चढलो. आबा खिडकीशी येऊन म्हणाले, "जाय भाऊ. वरीस-दोन वरीस तोंड दखाडू नको. लोके इसरी जातीन." साक्री मागे पडली. मग येसू बाहेर बघतच म्हणाली, "खरं तुम्हीन सांगाले जोयजे व्हतं."

गावात राहिलेल्यांना हे ठाऊक आहे. माझ्यासारखे जे जळगाव, सुरत धरून गेले त्यांच्यासाठी सांगतो.

आमच्याकडे नदीच्या बंधाऱ्यातून पाट निघतो आणि त्यावर सगळं शिवार भिजतं. आपल्या शेताला आपल्या हातानं पाणी घ्यायचं नाही, असा जुना नेम. गावानं नेमलेला पाटकरीच पाळीनं सगळ्यांना देणार. तो पाटकरी मी, आणि पाटाचे पंच आबा. पाण्यावरून कुऱ्हाडी निघायच्या, आबा मध्ये जाऊन उभे राहायचे की खाली व्हायच्या. पावसाळ्यात माझं काम एवढंच, नदीला लोंढा आला की पाटाचं दार पाडायचं. त्या दिवशी मी पिंपळनेरच्या बाजारात भजी खात बसलो. डोंगरावर काळं झालेलं दिसत होतं. म्हटलं, अजून वेळ आहे. नव्हता. पाट फुटला आणि चार घरांच्या शेतांत गुडघाभर दगडगोटे येऊन पडले. सखूअक्काचं तर सगळंच गेलं.

दुसऱ्या दिवशी चावडीवर लोक काठ्या घेऊनच आले होते. आबा म्हणाले, "दार उघडं ठेव आशे मीच त्याले सांगेल व्हतं." मी मान खाली घातली. एक शब्द बोललो नाही. त्यानंतर आबांना कुणी पंच केलं नाही. नमस्कारसुद्धा तुटला. मला मात्र त्या काठ्यांची धास्ती राहिलीच; ती बघून आबांनीच मला गावाबाहेर काढलं.

स्वातंत्र्याला तेव्हा पंधराएक वर्षं झाली असतील. जळगावात दाळ मिलच्या गेटवर वॉचमन लागलो. ट्रक आला की गेटपास बघायचा, गेट लावायचं. लावलेलं गेट मी पुन्हा जाऊन हलवून बघायचो. शेठ हसायचे. आमच्या बाजूचं बोलणं बाजारात कानावर पडलं की मी दुसऱ्या गल्लीनं जायचो. वरीस-दोन वरीस म्हणता म्हणता गावाकडे पंचवीस वर्षं फिरकलो नाही. भीती आपोआप जाते म्हणतात, ते खोटं आहे. ती माणसाबरोबर म्हातारी होते.

गेल्या साली येसू गेली. जाण्याआधी म्हणाली, "आबाना डोकावरनं तो आळ उतारा आते. त्या बी म्हातारा व्हयनात." मी हो म्हटलं आणि गेलो नाही. तिला दिलेला शब्दही भीतीनं खाल्ला.

मग गावच्या गुरुजींचं पत्र आलं. शाळेत आबांचा सत्कार आहे, पाटाचं जुनं ठाऊक असलेले तेच उरलेत, त्यांच्या तोंडून पाटाची सगळी हकीकत टेपवर घ्यायची आहे, तुम्ही जुने पाटकरी, शेजारी बसा. आबांनी खरं सांगितलं तर काय, याचीच धास्ती. तरी गाडीत बसलो.

शाळेच्या पडवीत टेबलावर टेपचं मशीन. समोर सगळं गाव, पहिल्या ओळीत सखूअक्का. आबांच्या गळ्यात हार, कान अधू झालेले. गुरुजी ओरडून विचारत होते, चकत्या फिरत होत्या. पाण्याच्या पाळ्या, भांडणं, बंधाऱ्याची डागडुजी, सगळं सांगून झालं. मग पाट फुटला ते आलं. आबा जराही अडखळले नाहीत. "मीच सांगेल व्हतं त्याले. चूक मन्ही."

मी सुटलो होतो. आणि सुटलो तशी जास्त भीती वाटली. आजवर ते खोटं माणसांच्या तोंडात होतं, माणसांबरोबर मेलं असतं. आता ते मशीनमध्ये गेलं. आबांची नातवंडं, पणतवंडं ऐकतील, आमच्या म्हाताऱ्यानं गाव बुडवलं. मी मशीनपुढे तोंड नेलं. "आबा खोटं सांगतात. मी बाजारात भजी खात होतो. दार माझ्यामुळे उघडं राहिलं."

अधू कानांनाही सगळं ऐकू गेलं. आबाच तापले. "बठ्ठं ऐकू येस माले! इतला साल मी निभाडं, तुले आजच वाचा फुटनी का रे?" गुरुजी घाबरून म्हणाले, "हे पुसू का?"

"पुसू नका," मी म्हणालो.

सखूअक्का काठी टेकत उठली. वाटलं, मारते. आधी तिनं आबांच्या पायाला हात लावला. मग माझ्याकडे वळली. "इतला साल मी या देवमानूसले शिव्या देस! बठ्ठ्या वाया गयात ना रे मेल्या! आते तुले पहिलेफाईन देना पडतीन." आणि तिथेच, सगळ्यांसमोर, तिनं सुरुवात केली. माझ्या बापापासून.

मी परत जळगावात आहे. गावाकडचं कुणी दिसलं की अजून छातीत धडधडतं, पण गल्ली बदलत नाही. या शहरात मला कुणी वाईट म्हणत नाही, कारण मी कोण हे कुणाला ठाऊक नाही. तिकडे ठाऊक आहे. नाव घेऊन शिव्या देतात आणि पुढच्या खेपेला कधी येतो ते विचारतात. गाव म्हणतात ते एवढंच असावं. येसू असती तर तिला विचारलं असतं.