माझ्या ताटाची हद्द

आबांनी मला डाळिंबाच्या वजनकाट्यावर उभं केलं, तेव्हा शेडात अकरा बायका फळं निवडून ग्रेडिंग करत होत्या. बारावी मी.

"चढ," म्हणाले. चढले. तेव्हा सांगितलेलं ऐकायची खोड होती मला. आबांनी आकडा मोठ्यांदा वाचला आणि म्हणाले, "एक्सपोर्टचं सोडा, लोकललाबी चालायची न्हाय ही. बाजूला काढा." शेड खदखदून हसलं. माझे वडील, त्यांना मी दादा म्हणते, तितंच ट्रॉलीत कॅरेट भरत होते. त्यांनी मान वर केली नाही. आकडा मी लिहीत नाही. आमच्या कळस गावानं तो महिनाभर चघळला, तेवढं बास झालं.

आबा माझे थोरले चुलते. बाग त्यांची, शेड त्यांचं, आणि आमचं घर त्यांच्या जिवावर चालतं हे सांगायचं तोंडही त्यांचंच. मी तेव्हा बारावी होऊन इंदापूरच्या कॉलेजात नाव घातलं होतं.

लहानपणापासून भाताला भाजीचा रस लागला की मला घास गिळवत नाही. आवडनिवड नव्हे ती. घसा आवळतो, मळमळतं. पंगतीतले भुरके कानात सुया खुपसल्यासारखे लागतात. हे मी घरात सांगितलं होतं, एकदा नव्हे, दहादा. नखरे, म्हणाले. मग आमच्याकडचं रामबाण औषध सुरू झालं, आग्रह. काकू, आत्या येता-जाता माझ्या ताटात हात घालून सगळं एकत्र कालवायच्या, वर आमटी ओतायच्या आणि समोर बसून राहायच्या. आपण फार मायेनं वागतोय असं त्यांना खरंच वाटायचं. काय बोलणार असल्या मायेला?

मी एकेक पदार्थ सोडत गेले. खाण्याचे नियम केले. नियम पाळला की डोकं शांत व्हायचं. पोट रिकामं असलं की जगाचा आवाजही कमी व्हायचा, आणि त्या शांततेची मला चटक लागली. पुढं नियमच माझे मालक झाले. पाळी थांबली. केस मूठमूठ गळाले. जिना चढताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. हा आजारच होता, मी कशाला नाकारू? तो मला मारत होता आणि मला तो सुटत नव्हता.

गावाचं निदान मात्र तयार होतं. पोरीला हिरॉईन व्हायचंय. नाहीतर कुठंतरी लफडं असणार. आबांनी बारामतीला ओळखीच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं विचारलं, "बारीक व्हायचंय का?" मी नाही म्हणाले. मला खोटं बोलता येत नाही, जमतच नाही. तो आबांकडं बघून हसला. "या वयात सगळ्या असंच म्हणतात." टॉनिक लिहून दिलं आणि दोघं उसाच्या गप्पा मारत बसले. एवढं शिकूनही माणूस इतका बिनडोक राहू शकतो!

दोन महिन्यांनी मी कॉलेजात पडले. बारामतीतच दुसऱ्या दवाखान्यात भरती केलं. तितं एक तरुण डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनी विचारलं, "जेवताना तुला नेमकं काय होतं?" एकोणीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी तासभर बोलले. पुढं पुण्याला तपासण्या झाल्या. ऑटिझम निघाला. त्याच्यासोबत अ‍ॅनोरेक्सिया, स्वतःची उपासमार करायला लावणारा आजार. बाईंनी समजावलं की काही मुलींमध्ये ही दोन्ही एकात एक गुंततात आणि बघणाऱ्याला नुसता हट्ट दिसतो. हृदय मंद चाललंय, वेळेवर खाल्लं नाही तर जीव जाईल, पण कसं खायचं ते आपण तुला जमेल तसं बसवू, म्हणाल्या. मी रडले. सुटका झाली म्हणून नव्हे, रागानं. आबांच्या शेडात डाळिंबावरचा राईएवढा डाग माझ्याच नजरेला पडायचा, तेव्हा व्यापाऱ्यापुढं माझं कौतुक व्हायचं. तीच नजर, तेच डोकं ताटावर बसलं की येडं!

पुढच्या उन्हाळ्यात आबांच्या पोरीचा साखरपुडा होता, इंदापूरच्या कार्यालयात. मी माझा डबा नेला. ज्वारीची भाकरी, कोरडी मटकी, वेगळा भात. वेळ ठरलेली होती. ती चुकली की परत भरती. कोपऱ्यात बसून डबा उघडला, तेवढ्यात आबा आमटीची बादली घेऊन आले. विचारलं नाही, काही नाही. डबाभर आमटी ओतली, भात कालवला आणि घास माझ्या तोंडाशी आणला. पंगत बघायला लागली.

"आबाच्या हातचा घास न्हाय म्हणतीस?"

मी त्यांचं मनगट धरलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"व्हय, न्हाय म्हणते. मला जगायचंय, म्हणून न्हाय म्हणते. हात खाली घ्या."

हात हवेतच थांबला. बोटांवरनं आमटी त्यांच्या पांढऱ्या शर्टावर गळत होती. काकूनं तोंडाला पदर लावला. दादा धावत आले आणि माझ्या कानात म्हणाले, "माफी माग. आपलं घर हाय त्यांच्यावर."

मी उठले. भटारखान्यात गेले, आचाऱ्याकडं कोरड्या चपात्या आणि वेगळी वाटीभर डाळ मागितली. त्यानं काही न विचारता दिली. पोत्यांच्या थप्पीला टेकून, उभ्यानं, ठरलेल्या वेळेत सगळं खाल्लं. वाटी पुसून खाल्लं.

आजार गेलेला नाही. रोज सकाळी तो माझ्याआधी उठतो. त्याच्याशी मी भांडते, ते माझं मी बघीन. पण भावकीशी आता भांडणही नाही, कारण भांडायची त्यांची लायकी नाही. आबांनी निरोप धाडलाय, माफी मागितल्याशिवाय दारात पाय ठेवायचा नाही. दादा अजून रोज मला हॉस्टेलवर फोन करून तेच सांगतात, रडतात. मी ऐकून घेते आणि नाही म्हणते. उद्याही नाही म्हणेन. दादांचं दार बंद झालं तरी नाहीच म्हणेन, आणि ठरल्या वेळेला जेवेन.