माझी चामखीळ अन् बारामतीचा कॅमेरा

माझ्या गालावरची चामखीळ कुठं गेली, ते आधी सांगा. सूनबाईच्या फोनमधी मी अशी गोरी दिसते, जशी पिठात लोळवून काढली. हाच फोटू म्हणं माझ्या माघारी भिंतीवर लावायचा. आमचे मालक गेले, तवा त्यांचा फोटू लग्नाच्या घोळक्यातनं कापला, त्यांच्या खांद्यावर आजबी कुणाचा तरी हात हाय. पाव्हणं इचारत्यात. माझी तशी गत नको, म्हणून छोटा कॅमेराच आणायचं ठरवलं. आता समद्यांना रामराम.

आमच्या गावातनं, वरकुट्यातनं, धाकट्या जावेला, सखूला, घेऊन निघाले. इंदापूरपतुर जीप, तितनं बारामतीची एसटी. बायकांना अर्धं तिकीट हाय, तुमीबी एसटीनंच जावा. कारखाना चालू असला तर पोटभर खाऊन निघा, उसाच्या ट्रॉलीमागं गाडी नुसती रांगती. सखूनं वाटंतच समद्या शेंगापोळ्या संपवल्या, माझ्या वाटणीच्याबी.

"फोटूत तू बारीक दिसाय नको का, आक्का?" म्हणाली.

बारामतीत स्टँडजवळ मिसळ खाल्ली. तर्री झणझणीत, पाव शिळा. मग दुकान. दुकानदार तरणा, त्याची बायको गल्ल्यावर.

"आजी, आता कॅमेरा कोण घेतं? फोन घ्या."

"फोननंच तर माझी चामखीळ खाल्ली."

त्यानं दोन काढले. पहिला साबणाच्या वडीएवढा. त्यात मी परत पिठात.

"ह्यात चेहरा आपोआप उजळतो."

"मग तुमचा उजळा."

दुसरा जरा जाड, तरी पानाच्या चंचीत मावणारा. म्हटलं, हा उन्हात चालवून दाखवा; बैल काय गोठ्यात बघून घेत्यात? रस्त्यावर नेऊन माझा फोटू काढला. चामखीळ आली, सुरकुत्या आल्या, पलीकडच्या चहावाल्याच्या नाकातलं केसबी आलं.

माझा बाप बैलांचा दलाल. भाव तोंडानं बोलायचा न्हाय, टावेलाखाली बोटं दाबून ठरवायचा, येवढीच माझी शाळा. दुकानदाराच्या हातावर पिशवीतला टावेल टाकला अन् आतनं तीन बोटं दाबली. त्यो ताठच झाला.

"आजी, हात सोडा."

"अहो, काय चाललंय तिकडं?" गल्ल्यावरनं बायको.

"सौदा," सखू म्हणाली. "तुमच्या मालकांना बोटं कळंनात."

बायको उठून आली. "सरका. मी लोणी भापकरची, बैलवाल्याची लेक." तिनं टावेलात हात घातला. तिनं दाबली, मी दाबली, परत तिनं. दोघींच्या माना हलल्या.

"अगं, कितीला दिलास?" दुकानदार इचारतोय. कुणी सांगितलं न्हाय. तुमालाबी सांगणार न्हाय, टावेलाखालचा भाव टावेलाखालीच ऱ्हातो.

घरी अंगणात सखूनं फोटू काढला. चामखिळीसकट, कपाळाला आठ्या घालून बसलेली मी. मला पसंत.

"आत्या, हे भिंतीवर बघून लेकरं जेवायची न्हाईत," सूनबाई म्हणाली.

"भ्या बसंल. वेळंवर जेवतील."

ह्या प्रवासातनं राहिलं काय? मिसळीची जळजळ गेली, कॅमेरा ऱ्हायला, अन् सूनबाईचा रुसवा. फोनमधला अन् ह्या कॅमेऱ्यातला, दोन्ही फोटू खाली टाकलेत. भिंतीवर कुठला, ते सांगा. पर ज्यानं माझी बोलणी खाल्लीत, त्यानंच उत्तर द्यायचं. त्या गोऱ्या बाईला वळखणाऱ्यांनी गप बसायचं.