लक्षवेधी आणि लग्नपत्रिका

आमच्या भागात आमदारावर नजर ठेवायचं काम एकट्यादुकट्याचं नाही, त्याला संघटना लागते. हळदवाले शेतकरी, आमदार हळदीबद्दल काय बोलले, एवढंच ऐकतात. निवृत्त शिक्षकांची संघटना, जिची मीही सभासद आहे, पेन्शन हा शब्द आला की कान टवकारते आणि बाकी वेळ पेंगते. दोन म्हशींच्या जोरावर मी दूध उत्पादकांच्या गटातही शिरले आहे. या गटाला फक्त पूल दिसतो, म्हणजे नसलेला पूल.

गावाच्या कडेने ओढा जातो. पावसाळ्यात तो भरला की पलीकडच्या गावाचं दूध अलीकडे येत नाही आणि माणूसही येत नाही. गटाचे अध्यक्ष म्हणजे माझ्या शेजारचे भाऊ. तसे गरीब स्वभावाचे, पण पुलाचा विषय निघाला की चहा गार होईपर्यंत बोलायचे. त्यात एकुलत्या एका मुलीचं लग्न पलीकडच्याच गावात ठरलं. स्थळ चांगलं, मुलगा तिला पसंत, मधे फक्त ओढा.

"बाई, पूल न्हाई झाला तं पावसाळाभर लेक दिसायची न्हाई मला," ते म्हणाले. एवढ्या मोठ्या मिशांचा माणूस, पण डोळे भरले होते.

मग गटाने माझ्यावर काम सोपवलं. विधानसभा चालू असली की ती फोनवर बघायची आणि आमच्या आमदारांनी काय केलं ते गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचं. मागच्या बाकावरची पोरं काय करतात हे बघण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे काम सोपं गेलं. आमदार कधी आले, कधी उठून गेले, कोणाशी कुजबुजत होते, सगळं मी इमानेइतबारे कळवायची. एकदा त्यांच्या पीएचा फोन आला. "बाई, साहेबांनी जांभई दिली, हेबी टाकाच लागत होतं का?"

"हजर होते हेही टाकलंय की," मी म्हटलं.

याचा उपयोग झाला. आमदारांनी हिवाळी अधिवेशनात पुलाची लक्षवेधी दिली. मंत्र्याने सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचं म्हणजे आमचा ओढा थेट नागपुरात पोचणार होता. मला स्वतःचा फार अभिमान वाटला, तो मी दोन दिवस लपवलाही नाही.

पण आमच्या लोकांची आमदार मोजायची दुसरीही एक पट्टी आहे, आणि ती जास्त जुनी आहे. साहेब कोणाच्या लग्नाला आले आणि कोणाच्या नाही. गेल्या वर्षी ते अधिवेशनामुळे गावातल्या एका लग्नाला आले नाहीत, तर त्या घरचे अजून फुगून आहेत. "अधिवेशन काय दर साली ऱ्हायते. पोरीचं लगीन एकदाच असते," हे वाक्य आमच्याच गटात, पुलाच्या बैठकीत, मी ऐकलेलं आहे.

लक्षवेधी कोणत्या दिवशी लागणार हे आदल्या दिवशी संध्याकाळी कळलं. मी गटावर टाकलं, "उद्या आपला पूल!" हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. आणि मग माझ्या लक्षात आलं की उद्याच भाऊंच्या मुलीचं लग्न आहे. मी तशीच त्यांच्या घरी गेले. हळद चालू होती, भाऊ कोपरापर्यंत पिवळे झाले होते.

"भाऊ, साहेबांना फोन करा. लग्नाला येऊ नका म्हणावं."

भाऊंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी वरातच परत पाठवा म्हटलं. "बाई, पत्रिका द्याची घरी जाऊन, अन् वरून येऊ नका म्हनाचं? असं कोनी म्हनते का?"

"मग पूल?"

"ते समजदार हायेत. करतील बराबर."

समजदार माणसाने गेल्या वर्षीचा रुसवा आठवला आणि सकाळीच नागपूर सोडलं. मांडवात बातमी आली, "साहेब कनेरगाव नाक्यावर आले!" भाऊंचा चेहरा खुलला आणि माझा पडला. मुहूर्त थोडा पुढे ढकलला गेला. मी आचाऱ्याच्या कढईमागे, जरा कमी गोंगाट होता तिथे, फोन कानाला लावून उभी राहिले.

साहेब उतरले, फटाके वाजले. त्यांना फेटा बांधला जात होता तेव्हा फोनमध्ये विधानसभेच्या अध्यक्षांनी त्यांचं नाव पुकारलं. परत पुकारलं. मग "सदस्य उपस्थित नाहीत" म्हणून पुढचा विषय घेतला. इकडे माइकवरचा माणूस ओरडला, "आपले लाडके आमदार, खास अधिवेशन सोडून आलेत!" टाळ्यांचा कडकडाट झाला. आदल्या दिवशी हात जोडणाऱ्यांच्या टाळ्या सगळ्यात मोठ्या होत्या.

अक्षता पडल्यावर भाऊ मला शोधत आले. "बाई, झालं का पुलाचं?" मी काय झालं ते सांगितलं. राग आला होता, पण त्या माणसाच्या तोंडाकडे बघून रागवता येईना.

पाठवणीच्या वेळी मुलगी त्यांच्या गळ्यात पडली. नव्या नवरीला पहिल्या आखाडात माहेरी आणायची आमच्याकडे रीत आहे. "बाबा, आखाडात न्यायला या. वाट पाहीन," ती म्हणाली. आखाड म्हणजे भर पावसाळा. भाऊ "येतो" म्हणाले खरे, पण तो शब्द मला, त्यांच्या शेजारी उभी असून, जेमतेम ऐकू आला.

गाडी गेली. साहेबही निघाले होते, ते निरोप घ्यायला आले आणि भाऊंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, कधीबी आवाज द्या. तुमच्या सुखदुःखाला मी हजर हाय."

भाऊंनी डोळे पुसले आणि दोन्ही हात जोडले.

"साहेब, एक इनंती हाय. आता मी मेलो तरी येऊ नका. तुमी तिथं सभागृहातच बसून ऱ्हा."