गाडी पहिल्यांदा कुठे थांबली?

आमच्या संघटनेच्या पत्रकाचा मथळा माझाच होता : नोंद नाही, तर माणूस नाही! खाली जगाचा नकाशा. काही देशांत जवळजवळ प्रत्येक बाळ जन्मलं की कागदावर येतं, काहींत निम्मीसुद्धा येत नाहीत. पाच वर्षांखालची कोट्यवधी पोरं सरकारदरबारी अजून जन्मलेलीच नाहीत. हे वाचून ज्याचं डोकं फिरत नाही त्याचं काहीतरी चुकतंय, असं मला तेव्हा वाटायचं. आजही वाटतं.

कांदिवलीच्या मासळीबाजारात हे पत्रक वाटत फिरत होते, तेव्हा आमची नेहमीची कोळीण मावशी भेटली. मी पाळण्यात होते तेव्हापासून ती आईला मासे देते, त्यामुळे माझ्या कार्यकर्तेपणाचा तिच्यावर काडीचा परिणाम नाही. तिनं पत्रक शेजारणीकडून वाचून घेतलं आणि ओरडली, "काय गो बाय, मंग माजी नात कोन? बोंबील हाय?"

नात एकोणीस दिवसांची होती. बारसं झालं होतं. नोंद झाली नव्हती.

झालं होतं ते असं. मावशीची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी वेसाव्याला, म्हणजे वर्सोव्याला आली, पण तिचं नाव घातलं होतं सासरजवळच्या, कांदिवलीच्या हॉस्पिटलात. तपासणीच्या दिवशी सकाळी मासळीचा टेम्पो कांदिवलीला निघतच होता, म्हणून तिला त्यातच बसवलं. मावशी धरून पाच कोळणी, बर्फाचे खोके आणि ती. लिंक रोडला गोरेगाव मागे पडलं आणि चालत्या टेम्पोत बाळ आलं. मागून पाचही जणी बोंबलत होत्या, "थांबू नको रे मेल्या, हाण!" ड्रायव्हरनं हाणला, तो हॉस्पिटलपर्यंत. नाळ तिथे कापली. हॉस्पिटलनं दोघींना तपासलं आणि चिठ्ठी दिली : बाळ इथे जन्मलेलं नाही, बाहेर जन्मून आलेलं आहे, नोंद घरच्यांनी करून घ्यावी. घरच्यांना वाटलं, चिठ्ठी मिळाली म्हणजे झालीच नोंद.

एकवीस दिवसांत नोंद केली तर सोपं. पुढे दंड, मग प्रतिज्ञापत्रं, परवानग्या. हातात दोन दिवस होते. पत्रकातला मुद्दा क्रमांक तीन, तोही माझाच : 'आपण राहता त्या वॉर्डाच्या कार्यालयात जा.' मी मावशीला घेऊन अंधेरीला गेले.

खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "बाळ जन्मलं कुठे?"

"टेम्पोत," मी म्हटलं.

"आणि टेम्पो कुठे होता?"

"चालत होता," मावशी म्हणाली.

"मग इथे नाही होणार."

माझी सटकली. गरिबांच्या बाळांना या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरवण्याबद्दल मी नाक्यावर जे भाषण करते ते सगळं तिथे केलं, जगाच्या नकाशासकट. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग एक पुस्तक काढून माझ्याकडे फिरवलं आणि ओळीवर बोट ठेवलं. चालत्या वाहनात जन्म झाला, तर वाहन त्यानंतर पहिल्यांदा थांबेल तिथे नोंद. आणि खबर द्यायची ती वाहन ज्याच्या ताब्यात आहे त्यानं.

"पत्रक तुम्हीच लिहिलंय का?"

"हो."

"तिसरा मुद्दा बदला. बाळ जन्मतं तिथे नोंद होते. तुम्ही राहता कुठे त्याचा काही संबंध नाही."

दोन हजार पत्रकं वाटून झाली होती माझी.

परतताना रिक्षात मावशी म्हणाली, "घरी झाली म्हनून लिव ना. शेजारनी सांगतील." खरं सांगते, वर्सोवा येईपर्यंत मी त्याचा विचार केला. घरी गेल्यावर बाळाला पाजत बसलेल्या तिच्या लेकीनंच तो मोडीत काढला. "बर्फाच्या खोक्याला धरून पोरीला जन्म दिला मी, तो घरात होय? आयशे, खोटं नाय लिवायचं." विषय संपला. आता सगळं त्या ड्रायव्हरवर होतं.

तो मालवणकडचा. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात खोके उतरवताना आम्ही त्याला गाठलं.

"माका काय म्हायत नाय," तो म्हणाला. "मी फुडे बघी होतंय."

"अरे, पोरगी तुझ्या पाठीमागं झाली!" मावशी भडकली.

"मालाच्या गाडीत सहा बायका भरलेल्या. वर तीन सिग्नल तोडले. सही केली काय आत टाकतले माका. तू येतलंस सोडवूक?"

मी हक्कांवर बोलायला लागले. तो खोके रचत राहिला. मी कायद्यावर आले, त्यानं मला बाजूला व्हायला सांगितलं. वैतागून मी म्हटलं, "राहू द्या दादा. निदान जन्म किती वाजता झाला तेवढं सांगा. या पाच जणी पाच वेगवेगळ्या वेळा सांगतायत."

"सहा चाळीस," तो ताबडतोब म्हणाला. "ती रडली तसो मोबाईल बघलंय."

"एवढ्या गडबडीत?"

त्यानं पँटला हात पुसले. "माझो वाढदिवस एक जून. आमच्या वर्गातल्या चवदा पोरांचो एक जून. मास्तरांनी लिवल्यानी, सगळ्यांची एकच तारीख. आवस म्हणता, फणस पिकले होते तेव्हा झालंस. फणस काय एक दिवस पिकतत? म्हटलं, ह्या चेडवाचो तरी टायम कोणाकतरी म्हायत असूक व्हयो."

माझ्या वडिलांचाही वाढदिवस एक जून. दरवर्षी केक मीच आणते. जगाचा नकाशा छापला, पण ही तारीख कुठून आली ते घरात कधी विचारलं नव्हतं.

त्यानं शेवटचा खोका उतरवला. मग म्हणाला, "किती वाजता येऊचा?"

त्या दिवशी कागद जमवण्यातच खिडकी बंद झाली. एकविसाव्या दिवशी सकाळी आम्ही कांदिवलीच्या खिडकीवर होतो. साक्षीला तीन कोळणी आल्या होत्या, न बोलावता. आतल्या गृहस्थांनी पेन उघडलं. "गाडी पहिल्यांदा कुठे थांबली?"

"मालाडला, सिग्नलला," पहिली म्हणाली.

"थांबला कुठं गो, हळू झाला नुसता!"

"चांगला थांबला! माजं डोकं आपटलं ना!"

मालाड म्हणजे दुसरा वॉर्ड, दुसरी खिडकी, आणि दिवस आजचाच उरलेला.

ड्रायव्हर पुढे झाला. "थांबलंय नाय. ब्रेक मारलो, पण थांबलंय नाय. तीनव सिग्नल तोडले," तो मोठ्यानं म्हणाला. सरकारी कार्यालयात. मी डोळे मिटले.

"सिग्नलचा रकाना माझ्या फॉर्मात नाही," आतून आवाज आला. "मग हॉस्पिटलच्या दारातच थांबली?"

"होय."

"वेळ?"

"सहा चाळीस."

"नक्की?"

"माझो जन्म सोडून सगळा नक्की म्हायत आसा माका."

गृहस्थ हसले आणि त्यांनी फॉर्म त्याच्याकडे सरकवला. त्यानं सही केली. आधी बोटानं ओळ शोधली, मग एकेक अक्षर सावकाश. मावशी मागून म्हणाली, "मेल्या, गाडी इतकी सावकाश चालव कदी."

दाखला मिळाला त्या दिवशी मावशीनं आमच्या घरी दोन पापलेटं पाठवली आणि निरोप दिला : आता पत्रक नीट छाप. छापलं. मुद्दा तीन बदलला, खाली चालत्या वाहनाची एक ओळ घातली. संघटनेतली पोरं म्हणाली, "यार, ही ओळ लागणार कुणाला?" मी म्हटलं, लागली एकीला.

ड्रायव्हरनं दाखल्याची झेरॉक्स मागून घेतली आणि टेम्पोत एकवीरा आईच्या फोटोमागे, गाडीच्या कागदांबरोबर ठेवली. "दादा," मी म्हटलं, "पोलिसानं पाहिलं तर पुराव्यासकट सापडाल."

"बघूं दे," तो म्हणाला. "विचारल्यानच, तर टायमासकट सांगतंय."