संतोषचे बूट मिलिंदकडे

२०१८ साली मी साठ वर्षांचा होतो. पलटणीतनं हवालदार म्हणून पेन्शनीत येऊन बरीच वर्षं झाली होती. शिक्षण सातवी, तीपण नापास. तेव्हा माझं शुद्धलेखन कुणी तपासू नये. हकिकत तपासावी. ती बरोबर आहे.

आमचं गाव निपाणीजवळ, हायवे सोडून आत. गायरानात मी फुटबॉलची टीम चालवतो. पलटणीच्या टीममध्ये मी लेफ्ट बॅक होतो. गावात आल्यावर स्वस्थ बसवेना म्हणून पोरं गोळा केली. कुणी तंबाखूच्या वखारीत कामाला, कुणी गॅरेजात, कुणी कॉलेजात. सकाळी सहाला फॉलिन, म्हणजे रांगेत हजर. पण आज याच्या मामाचं लगीन, उद्या त्याची म्हैस आजारी. अकरा काय भरायचे न्हाईत. शिव्या दिल्या, गायरानाला चकरा मारायला लावल्या. काही फरक पडला न्हाई.

मग मी पोस्टवरचा कायदा लावला. बर्फातल्या पोस्टवर प्रत्येक जवानाला एक बडी असतो, म्हणजे जोडीदार. रोज संध्याकाळी मोजे काढायचे आणि बडीनं बडीचे पाय बघायचे. थंडीनं बोट मरायला लागलं की ज्याचं त्याला कळत न्हाई, कारण दुखायचं बंद होतं. रंग बदलतो तो दुसऱ्याला दिसतो. तिथं माणसाचे पाय त्याच्या स्वतःच्या ताब्यात नसतात.

गायरानात कायदा असा केला. प्रॅक्टिस संपली की आपले बूट बडीच्या हातात द्यायचे आणि त्याचे आपण घरी न्यायचे. पुसायचे, वाळवायचे, सकाळी आणायचे. घालायचे मात्र न्हाईत, फक्त सांभाळायचे. तू आला न्हाईस तर तुझा बडी अनवाणी.

पोरं हसली. एकजण म्हणाला, आप्पा, लगीन लावताय काय आमचं? मी म्हणालो, लग्नात सोडचिठ्ठी मिळते, इथं मिळणार न्हाई.

जोड्या मीच लावल्या. संतोष आमचा स्टॉपर, गोलपुढं आडवा उभा राहणारा, शेतकऱ्याचा पोरगा, हायवेवरच्या गॅरेजात कामाला. त्याला मिलिंद दिला. मिलिंद गोलकीपर. त्याचं घर बुद्धविहाराला लागून. वडील लहानपणीच वारलेले. आई शांताआक्का विड्या वळायची.

संतोषच्या घरी कुरकुर झाली. दुसऱ्याचं पायताण, आणि तेही त्या गल्लीतलं, आमच्या सोप्यात कशाला, असं त्याचे वडील माझ्या दारात येऊन म्हणाले. मी सांगितलं, पलटणीत पाय बघताना आडनाव बघत न्हाईत. पटत नसंल तर पोराला काढून घ्या. त्यांनी काढलं न्हाई. पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या सोप्यावर चहाला गेलो तर म्हातारा स्वतः मिलिंदच्या बुटांना खोबरेल लावत बसलेला. त्यानं वर बघितलं न्हाई.

एकदा सकाळी मिलिंद फॉलिनला न्हवता. संतोष अनवाणी उभा. एवढ्यात बांधावरून शांताआक्का येताना दिसली. डोक्यावर विड्यांची टोपली, कारखान्यात द्यायला चाललेली. तिनं टोपलीतनं बूट काढून संतोषच्या पुढ्यात ठेवले.

"पोरगं तापानं फणफणलंय," ती म्हणाली. "म्हणून दुसऱ्याच्या पोराला अनवाणी ठेवायचं व्हय?"

त्या दिवसापासनं गायरानात कुणी गैरहजर राहिला न्हाई. माझ्या शिव्यांनी जे झालं न्हाई ते तिच्या टोपलीनं केलं.

पुढं मिलिंद बेळगावात भरती झाला. ट्रेनिंगला जायच्या दिवशी सगळी टीम निपाणी स्टँडवर सोडायला गेली. एस.टी. लागली तरी दोघं बूट घेऊन उभे. मिलिंदनं मला विचारलं, आता काय करायचं. मी म्हणालो, कायदा बदलत न्हाई. मग संतोषचे बूट घेऊन मिलिंद गाडीत चढला. मिलिंदचे संतोषच्या घरी राहिले.

संतोष तेव्हापासनं कॅनव्हासच्या बुटांवर खेळायचा. मीच एकदा म्हणालो, गड्या, नवीन घे. तो म्हणाला, नवीन घेतलं तर ते कुणाकडं द्यायचं? माझा बडी हाय की. मिलिंद लीव्हवर आला की ते स्टडचे, मातीत न घसरणारे बूट संतोषच्या पायात पडायचे. तेवढे दिवस आम्ही हरायचो न्हाई. मिलिंद गोलमधून "कीपर" म्हणून ओरडला की संतोष बॉल सोडून बाजूला व्हायचा. मागं वळून बघायचा न्हाई.

२०१८ साली आमची टीम पहिल्यांदा बेळगावातल्या स्पर्धेच्या फायनलला गेली. समोर टिळकवाडीची टीम. मिलिंद तेव्हा उत्तरेत, उंचावरच्या पोस्टवर. त्याची लीव्ह मंजूर झाली होती. फायनलच्या आधीच्या आठवड्यात गायरानात प्रॅक्टिस चालू असताना त्याचा फोन आला. पोरं भोवती जमली म्हणून मी स्पीकर लावला.

"आप्पा, मिलिंद बोलतोय."

"बोल."

"लीव्ह पार्टी आज खाली निघतीय. माझं नाव हाय. पण गणेशच्या पायाची बोटं काळी पडलीत."

गणेश म्हणजे त्याचा तिथला बडी, साताऱ्याकडचा.

"हेलिकॉप्टर?"

"हवा खराब. येत न्हाई. हवा उघडली की त्याला स्ट्रेचरवर खाली न्यायचा. साहेब म्हणतात, माणसं हायत, तू लीव्हवर जा."

"मग?"

"त्याचे पाय मी बघतो, आप्पा."

सगळी टीम माझ्या तोंडाकडं बघत होती. संतोष हातानं खुणावत होता, बोलवा, बोलवा. आमच्या दुसऱ्या गोलकीपरचं बोट मोडलेलं. मिलिंद आला तर कीपर येणार आणि संतोषचे बूटही येणार. मी एक शब्द बोललो असतो तर तो निघाला असता.

मी म्हणालो, "बडीला खाली पोचव. मग ये."

"जी, आप्पा. संतोषला सांगा, बूट पॉलिश करून ठेवलेत."

फोन कट झाला.

फायनलला धूळ उडू नये म्हणून मैदानावर टँकरनं पाणी मारलं होतं. ओल्या मातीवर कॅनव्हास टिकत न्हाई. संपायला थोडा वेळ असताना त्यांचा फॉरवर्ड बॉल घेऊन आत शिरला. संतोष वेळेवर आडवा गेला, पण त्याचा पाय घसरला. गोल झाला. आम्ही त्या एका गोलनं हरलो.

मैदानाबाहेर संतोष माझ्यापुढं येऊन उभा राहिला. गुडघ्यापर्यंत चिखल. माझ्याशी तो कधी मान वर करून बोलला न्हवता.

"तुम्ही एक शब्द बोलला असता तर त्यो आला असता," तो म्हणाला.

परत येताना तो टेम्पोत माझ्याकडं पाठ करून बसला.

त्याच आठवड्यात दुपारी शांताआक्का माझ्या दारात आली. हातात मोबाईल, फोन चालूच. म्हणाली, पलटणीतलं कोणतरी साहेब हायत, तुमाला द्या म्हणत्यात. मी फोन कानाला लावला. सुभेदार साहेब बोलत होते. मी आपोआप उभा राहिलो. साहेबांनी थोडक्यात सांगितलं. वाटेत स्ट्रेचर पार्टीवर बर्फ कोसळला. स्ट्रेचर सापडलं, गणेश जिवंत आहे. मिलिंद स्ट्रेचरच्या मागच्या दांडीला होता. तो मिळाला, पण उशिरा.

मी "जी, साहेब" म्हणालो. आक्का माझ्या तोंडाकडं बघत होती. फोन ठेवायच्या आधीच ती उंबऱ्यावर बसली. मला तिला काही सांगावं लागलं न्हाई.

बेळगावातनं पलटणीची गाडी आली. हायवेपासून गावापर्यंत टीमनं खांदा दिला. पुढच्या दांडीला संतोष होता. त्यानं खांदा बदलला न्हाई. विहारापुढं वंदना झाली. जवानांनी हवेत फैरी झाडल्या. पुढारी आले, बोलले, गेले.

संतोष मैदानाबाहेरचं ते वाक्य परत कधी बोलला न्हाई. पण आम्ही समोरासमोर आलो की ते वाक्य मधे उभं असायचं. गावातली माणसं आडून विचारतात, आप्पा, तुम्ही त्या दिवशी ये म्हणाला असता तर? मी आजही तेच सांगीन. बडीला खाली पोचव. त्या पायांची जबाबदारी त्याची होती. मला झोप लागत न्हाई, ती गोष्ट वेगळी.

मिलिंद गेल्यापासनं प्रॅक्टिस बंद होती. गायरानात गवत वाढलं. मग एक दिवस संध्याकाळी जीपमधून मिलिंदची काळी ट्रंक आली. ट्रंकेबरोबर गणेश आला होता, हातात काठी. आक्कानं मला बोलावून घेतलं. गणेश तिच्या पायाला हात लावायला वाकला, त्याला नीट वाकता येईना. तिनं त्याला धरून खाली बसवला.

"पाय दाखव," ती म्हणाली.

तो माझ्याकडं बघायला लागला. मी मान हलवली. त्यानं बूट काढला, मोजा काढला. दोन बोटं न्हवती, बाकी पाय शाबूत होता. आक्कानं तो पाय मांडीवर घेतला आणि उजेडाकडं करून बघितला. बोटाबोटावरनं अंगठा फिरवला. पोस्टवर आम्ही बघायचो अगदी तसं. तिला हे कुणी शिकवलं न्हवतं.

"ऱ्हायला न्हवं पाय," ती म्हणाली.

गणेश रडायला लागला. ती रडली न्हाई.

ट्रंकेत युनिफॉर्म होते, कंबल होतं. तळाला कापडात गुंडाळलेले संतोषचे बूट. आत कागद कोंबलेले, नाड्या धुतलेल्या. गणेश म्हणाला, दर रविवारी पॉलिश करायचा. बर्फात फुटबॉलचे बूट कशाला, म्हणून सगळी पोस्ट हसायची. तो म्हणायचा, हे माझे न्हाईत, परत द्यायचे आहेत.

संतोषला द्यावेत म्हणून मी बूट उचलले. आक्कानं माझ्या हातातनं काढून घेतले.

"ह्ये आमच्या घराकडं दिल्यात," ती म्हणाली. "सकाळी मी आणते."

मी त्याच संध्याकाळी घरोघरी निरोप दिला. सकाळी सहाला फॉलिन.

दुसऱ्या दिवशी सकाळी गायरानात गेलो. सगळे आले होते. संतोष कॅनव्हासही न घालता, अनवाणी उभा होता. हातात पिशवी आणि पिशवीत मिलिंदचे बूट. बांधावरून शांताआक्का आली. डोक्यावर टोपली. तिनं बूट काढून संतोषच्या पुढ्यात ठेवले. तो खाली बसला, पायात घातले. मी वाकून त्याच्या नाड्या बांधल्या. त्यानं पाय मागं घेतला न्हाई.

मग त्यानं मिलिंदच्या बुटांची पिशवी आक्कापुढं धरली. तिनं बूट बाहेर काढले. आत हात घालून बघितलं, पदरानं पुसले आणि परत पिशवीत घालून त्याच्याच हातात दिले.

"सांभाळाय दिल्यात तुला," ती म्हणाली, आणि टोपली उचलून कारखान्याकडं चालायला लागली.

मी शिट्टी तोंडाला लावली. पहिल्यांदा वाजली न्हाई. दुसऱ्यांदा वाजली.