गुंडी

रात्रीचं दहिवर गोठून लसूणघासावर मीठ पेरल्यागत पसरलं होतं. स्वार्टबर्ग डोंगराच्या माथ्यावर ऊन आलं तरी खाली ड्रीका मावशीची बोटं विळ्याभोवती वळत नव्हती. कमरेला तिनं जुन्या स्वेटरची बाही खोचली होती. ती डोक्यावर चढवली की माणसाला लाथेनं लोळवणारं शहामृगही मेंढरासारखं गप्प उभं राहतं. रक्त तपासायला डॉक्टर आले, तेव्हा हीच बाही साऱ्या कळपाच्या डोक्यावरून फिरली होती.

खिसबर्ट मालक बांधावर येऊन थांबले. टोपी हातात.

"ड्रीका, रक्तात बर्ड फ्लू निघाला. न्याहारीनंतर ट्रक येतोय. एकही पाखरू जिवंत ठेवायचं नाही."

"आजारी कोण हाय मालक? काल गुंडीनं माझा चमचा पळवला!"

"अंगावर दिसत नाही, तेच तर वाईट. दुसऱ्यांच्या कळपात रोग शिरला तर साऱ्या खोऱ्याचं वाटोळं होईल."

गुंडीला तिनं चुलीपाशी वाढवलं होतं. वीतभर पिल्लू असताना तिच्या झग्याची गुंडी गिळली, म्हणून ते नाव. मालक वळताच मावशी विळा टाकून उठली आणि त्या मादीला घेऊन थेट नदीकडच्या फाटकाशी गेली.

"जा बये. तोंड काळं कर."

गुंडी तिच्याच खिशात चोच घालू लागली. मावशीनं काटेरी फांदी उगारली, तेव्हा कुठं ती कोरड्या पात्रात उतरली आणि पलीकडच्या तारेच्या कुंपणाच्या रोखानं निघाली.

तारेपलीकडं तोक्की होती. शेजारच्या मळ्यावर शहामृगाची पिल्लं सांभाळणारी. पिल्लं तिच्या पायांत घोटाळत होती.

"अगं ड्रीके, पाहुणी धाडतीस, तर संगं कॉफी तरी धाड!"

नवं कुणी दिसलं तशी पिल्लं तारेकडं धावली, माना बाहेर काढून. मावशीनं फांदी टाकली.

"पोरं मागं घे तुझी! रोग आलाय आमच्यात!"

आणि गुंडी पिल्लू असताना तिला बोलवायची ती जुनी, जीभ टाळूवर मारून करायची टकटक तिनं केली. गुंडी पात्राच्या मध्यावर थबकली. मग पंख पसरून माघारी पळत आली, अगदी लहानपणी यायची तशी.

मावशीनं बाही हातात चढवली, चोच धरली, बाही उलटून तिच्या डोक्यावर ओढली. ट्रकपर्यंत गुंडी तिच्या खांद्याला टेकून चालली.

"नदीकडं कशाला नेली होतीस?" मालकांनी विचारलं.

"पळवायला. पण तारेपर्यंत नाही जाऊ दिली."

मालकांनी ट्रकचं फाटक लावलं. ट्रक गेला. बाही शहामृगांच्या बाकीच्या सामानासोबत जाळात गेली. जंतू मारायच्या औषधाच्या पाण्यात मावशीनं कोपरापर्यंत हात धुतले.

गोठ्यात मेंढरं बोंबलत होती.

"आले रे, आले, भुक्कडांनो," म्हणत तिनं विळा शोधला आणि घासाची अर्धी राहिलेली ओळ कापायला बसली.